पितृपक्षातला अर्ज

मी ज्या पोलीस कचेरीत कारकून म्हणून चिकटलो तिथे परदेशी नागरिकांच्या नोंदीचं एक टेबल होतं. ते मला मिळालं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. सत्तरचं दशक संपत आलेलं. नाशिकमध्ये तेव्हा परदेशी माणसं ती किती असणार! मिशनच्या शाळेतल्या दोन म्हाताऱ्या सिस्टर, गोदाघाटावर जटा वाढवून बसलेला एखादा गोरा, आणि फाळणीआधीच्या नात्यागोत्यातून पाकिस्तानातून येणारी थोडी माणसं. त्यांनी आल्याबरोबर माझ्याकडे नोंद करायची आणि जाताना पुन्हा यायचं. मधल्या काळात त्यांच्यावर नजर ठेवायची जबाबदारी माझी, असं नियमात लिहिलं होतं. माझी नजर बहुतेक वेळ चहावाल्याच्या वाटेकडे असायची.

त्या वर्षी गणपती उठले, पौर्णिमा आली आणि आमचं आवक रजिस्टर संपलं. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी या रजिस्टरात चढतो, त्याला नंबर आणि तारीख मिळते, मग त्यावर गोल शिक्का बसतो. तोवर तो कागद आलेलाच नाही असं सरकार समजतं. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ भरून मी कपाटातून नवं कोरं रजिस्टर काढलं, तसे आमचे हेडक्लार्क खुर्चीतून अर्धे उठले.

"ठेव ते आधी! उद्यापासून पितृपक्ष."

नवं रजिस्टर ते घटस्थापनेलाच उघडणार होते. पहिल्या पानावर ‘श्री’, हळदीकुंकू, एक झेंडूचं फूल आणि मग पहिली नोंद. मधले पंधरा दिवस आलेले कागद खणात. पूर्वी एकदा त्यांनी न मानता पितृपक्षात रजिस्टर उघडलं होतं, आणि महिन्याभरात त्यांची सुरगाण्याला बदली झाली होती. पुढचा अख्खा पावसाळा खोली गळत होती आणि तालुक्याच्या गावाहून कुठे निघायचं तर जीप भरेपर्यंत बसून राहावं लागायचं. हे सगळं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या खोलीत कुठे कुठे पातेली ठेवायची हे मलाही पाठ झालं होतं.

आता गंमत अशी की आमच्या घरातून पितृपक्ष मी जन्मायच्या सुमारासच गेला होता. आमच्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, वडिलांनी देव्हारा, कावळ्याचं पान, तर्पण सगळं एका दिवसात बंद केलं, आणि वसाहतीत त्याबद्दल त्यांचा दरारा होता. पण मी नोकरीला नवीन, त्यातून आमच्यासारख्या घरातला. मी म्हणालो असतो की मी पितृपक्ष मानत नाही, तर बोलणं भलत्याच दिशेला गेलं असतं. मी खण उघडला आणि कागद आत टाकायला लागलो. खरं सांगायचं तर पंधरा दिवस नोंदी करायच्या नाहीत, यात मला धर्माची काही अडचण दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी ते काका आले. साठीचे, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पासपोर्ट पाकिस्तानचा आणि मराठी माझ्याहून शुद्ध. कराची मुंबई इलाख्यात होती तेव्हा त्यांचे वडील सरकारी नोकरीत बदली होऊन तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. थोरल्या बहिणीचं लग्न मात्र नाशिकला पंचवटीत लावून दिलेलं. मग फाळणी झाली. तीस वर्षांनी त्यांना व्हिसा मिळाला, तोही फक्त नाशिक शहराचा आणि थोड्या दिवसांचा. मुदत वद्य दशमीला संपत होती. त्यांना ती वाढवून हवी होती, भाऊबीज होईपर्यंत.

अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: ‘बहिणीकडून ओवाळून घेणे.’

"ताई तीस वर्षं चंद्राला ओवाळतेय," ते म्हणाले. जिचा भाऊ जवळ नाही ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी. "म्हणते, आता चंद्रालाही कंटाळा आला असेल. या वर्षी तू हवास. पुन्हा व्हिसा मिळेल न मिळेल. इथे साधा डाग लागला तर मुळीच मिळणार नाही, म्हणून मुदतीच्या आत अर्ज करतोय."

त्यांनी अर्ज दिला आणि दुसरी प्रत पुढे केली, पोच म्हणून शिक्का मारायला. माझ्यापुढे प्रश्न पडला. नंबर नाही तर शिक्का कसा मारणार?

"काका, अर्ज ठेवून जा. शिक्का आत्ता नाही मारता येणार," मी म्हणालो. "पितृपक्ष आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, अगदी कानापर्यंत. "पितृपक्ष! असं होय," ते म्हणाले. "मग बरोबर आहे." दोन मिनिटं ते समोरच्या बाकावर उगीच बसले, माठातलं पाणी प्यायले, आणि बिनशिक्क्याच्या प्रतीची घडी खिशात घालून निघून गेले. मला वाटलं, धार्मिक माणूस दिसतोय. त्यांचा अर्ज मी खणात टाकला.

घटस्थापनेला हेडक्लार्क सोवळ्यात असल्यासारखे आले. रजिस्टराची पूजा झाली, मला पेढा मिळाला, आणि खणातले सगळे कागद मी एका बैठकीत चढवले. सगळ्यांना त्याच दिवसाची तारीख. काकांचा अर्ज सातवा की आठवा होता. पेढा चघळत मी त्यावर शिक्का मारला आणि मुदत संपून पाच-सहा दिवस झालेत हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते आलं आमच्या नवीन इन्स्पेक्टरसाहेबांच्या. त्यांना नाशिकला येऊन महिना झाला होता आणि महिनाभरात त्यांच्या हाताला सायकलचोरापलीकडे काही लागलं नव्हतं. पाकिस्तानचा नागरिक, व्हिसा संपलेला, अर्ज मुदत उलटल्यावर! साहेबांच्या डोळ्यात एकदम तेज आलं. शनिवारी दुपारी त्यांनी जीप काढली आणि पंचवटीच्या भाजीबाजारातून काकांना पकडून आणलं. हातातली पिशवी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. पंचनाम्यात लिहिलं: ‘गवारीच्या शेंगा, अंदाजे अर्धा किलो.’

अर्ज मुदतीत आला होता हे सगळ्या कचेरीत दोघांनाच माहीत होतं. मी हेडक्लार्ककडे बघितलं. हेडक्लार्क भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

संध्याकाळी काकांची बहीण लॉकअपवर आली. सत्तरीच्या घरातली बाई, नऊवारी, हातात डबा. रडेल वगैरे असं मला वाटलं होतं. तिने सगळ्यांना सरळ उभं केलं.

"भावाला कधी सोडणार?"

"कोर्टात ठरेल, आजी," पहाऱ्यावरचा हवालदार म्हणाला. हा देवळ्याकडचा, घरी कांद्याची शेती.

"मग गवार तरी द्या. उद्यापर्यंत सुकेल."

"मुद्देमाल हाय आजी, नाय देता येत."

"मग पाणी मारून ठेवा," असं म्हणून तिने डबा आत सरकवला आणि हवालदाराने रात्रभरात दोनदा मुद्देमालावर पाणी शिंपडलं.

त्याआधी आणखी एक घोटाळा झाला होता. कोर्टात द्यायचे कागद इंग्रजीत टाइप करायचे होते आणि आमचा टायपिस्ट नवरात्राची रजा टाकून देवीला गेलेला. मी दोन बोटांनी टाइप करायचो. साहेबांनी माझ्या तीन ओळी बघितल्या आणि कपाळाला हात लावला. तेवढ्यात लॉकअपच्या गजाआडून आवाज आला.

"हरकत नसेल तर मी करतो. चाळीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होतो."

साहेबांनी आधी रागाने बघितलं, मग घड्याळात बघितलं. काकांना बाहेर काढून खुर्चीवर बसवण्यात आलं. त्यांनी मशीनची फीत नीट केली, एक अक्षर अडकत होतं ते फुंकर मारून सोडवलं, आणि स्वतःच्या अटकेचा रिपोर्ट टाइप करायला घेतला. साहेब सांगत होते, काका मशीन वाजवत होते. मधेच ते थांबले.

"साहेब, इथे ‘अटकेची कारणे आरोपीस समजावून सांगितली’ असं आहे. मला अजून कोणी सांगितली नाहीत."

"तुम्हाला माहीत आहेत की!"

"माहीत असणं वेगळं, सांगणं वेगळं. खोटं कसं टाइप करू?"

साहेब उभे राहिले, टोपी घातली आणि खणखणीत आवाजात त्यांनी कारणं सांगितली. काकांनी हात जोडून ती ऐकून घेतली आणि मग ती ओळ टाइप केली. पुढे ‘आरोपी बाजारात संशयास्पदरीत्या फिरत होता’ हे वाक्य आलं. काका पुन्हा थांबले.

"मी गवार निवडत होतो. ते लिहायचं का?"

"लिहा काय ते!" साहेब ओरडले. त्यामुळे कागदावर असं आलं की आरोपी संशयास्पदरीत्या गवार निवडत होता.

शेवटी साहेब म्हणाले, "झालं. आता सोमवारी कोर्टात."

"चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, साहेब," काका अगदी नम्रपणे म्हणाले. "तुमच्याकडेही तोच कायदा आहे. उद्या रविवार आहे, तर घरी नेतात."

म्हणून रविवारी सकाळी आमची वरात मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावर गेली. जीपमध्ये इन्स्पेक्टर, हवालदार, आरोपी आणि रजिस्टर मांडीवर घेऊन मी. मॅजिस्ट्रेटसाहेब बनियनवर अंगणात होते आणि स्कूटर एका अंगावर आडवी करून पेट्रोल उतरायची वाट बघत होते. पोलीस बघून त्यांना वाटलं देवच पावला. "बरं झालं आलात. एक धक्का द्या." हवालदाराने आणि आरोपीने मिळून स्कूटर फाटकापर्यंत ढकलली. ती सुरू झाली, साहेबांनी ती बंद करून जागेवर लावली, शर्ट घातला आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून न्यायदानाला बसले.

कागद वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "इतका स्वच्छ कागद तुमच्या कचेरीतून कधी आला नाही. कोणी टाइप केला?"

इन्स्पेक्टर बुटाकडे बघायला लागले.

"मी, साहेब," काका म्हणाले.

"आपण कोण?"

"आरोपी."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मुदत संपल्यावर अर्ज का केला? काका म्हणाले, मुदतीत दिला होता. साहेबांनी विचारलं, पोच आहे का?

"नाही साहेब. घेतली नाही. चूक झाली."

"चाळीस वर्षं कोर्टात होता ना तुम्ही?"

"चूक झाली, साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बोट तर सोडाच, भुवईसुद्धा माझ्या दिशेने हलवली नाही. मांडीवर रजिस्टर होतं, त्याच्या पहिल्या पानावर हळदीकुंकू होतं, आणि मी मुकाट बसून राहिलो. इतका घाबरट मी त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही नाही. साहेबांनी जामीन दिला. अटी दोन: नाशिक शहर सोडायचं नाही, आणि रोज अकरा वाजता आमच्या कचेरीत हजेरीची सही करायची.

रोज अकराला पाच कमी असताना काका दारात उभे असायचे. आमच्यातलं तोवर कोणीच आलेलं नसायचं. सही झाली की ते जायला मोकळे होते, पण टायपिस्टची रजा वाढत चालली होती आणि हेडक्लार्ककडे कागदांचा ढीग होता. "जरा एवढं पत्र," असं करत करत काका दुपारपर्यंत थांबायला लागले. इन्स्पेक्टरसाहेबांनी त्यांच्यावरचं आरोपपत्रही त्यांच्याकडूनच टाइप करून घेतलं. एका कलमाचा आकडा चुकला होता, तो काकांनी दुरुस्त केला. साहेबांनी सांगितलेल्या कलमाखाली ते बहुधा सुटले असते, हे मला दोन दिवसांनी कळलं.

"काका, असं का करता?" मी विचारलं.

"चुकीच्या कलमाखाली सुटण्यात काय अर्थ आहे?" ते म्हणाले. "उद्या व्हिसाच्या अर्जावर विचारतील, का सुटलात? मला सांगता यायला हवं."

हवालदार त्यांच्या शेजारी बसून पलीकडे कांद्याला काय भाव आहे ते विचारत राहायचा. हेडक्लार्क त्यांना बशीत चहा ओतून द्यायचे, पण त्यांच्याशी नजर मिळवायचे नाहीत. तारीख कोजागिरीनंतरची लागली होती. एक दिवस हेडक्लार्कने मला कपाटामागे घेतलं. "कोर्टात तुला रजिस्टर वाचायला बोलावतील. लिहिलंय तेवढं वाच. माझी तीन वर्षं राहिलीत रे. आता पुन्हा सुरगाणा झेपायचा नाही." मला त्यांचा राग येत होता, आणि दयाही येत होती.

घरी वडिलांनी माझं तोंड बघून विचारलं. ते छापखान्यात कामगार होते. दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहून घरात नेहमी मोठ्याने बोलायचे. मी सगळं सांगितलं. पाकिस्तानी म्हाताऱ्याचं ऐकून ते शांत होते, इन्स्पेक्टरचं ऐकून हसले. पण खणाची गोष्ट आली आणि त्यांचा पारा चढला.

"म्हणजे तू पितृपक्ष पाळलास?"

"मी नाही. हेडक्लार्कने..."

"खण कोणाचा? हात कोणाचा?" शेजारच्या घरांचे दिवे पेटतील इतका आवाज. "आम्ही तो घरातून हाकलला, आणि तू पगार घेऊन कचेरीत पाळतोस! आमचे लोक कायद्यावर विसंबून उभे आहेत. तो कायदा तू खणात टाकलास? कोर्टात खरं सांगायचं. नोकरी गेली तर जाऊ दे, घरी बस."

आई मधून म्हणाली, "आधी जेवू तर दे त्याला." वडील म्हणाले, "जेवू दे. पण सांगायचंच."

तारखेला कोर्ट भरलेलं होतं. मागच्या बाकावर काकांची बहीण, तिच्या शेजारी हेडक्लार्क. सरकारी वकिलांनी मला पिंजऱ्यात उभं करून नोंद वाचायला सांगितली. मी वाचली. ते म्हणाले, पुरे. मी म्हणालो, पुरे नाही साहेब, अर्ज त्या दिवशी आला नव्हता. बारा दिवस आधी आला होता, आणि मीच घेतला होता.

कोर्टात कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेटसाहेब पुढे वाकले. "मग बारा दिवस होता कुठे?"

"माझ्या खणात."

"आणि बाकीचे कागद?"

"तेही. पंधरा दिवस एकही कागद चढवला नाही, साहेब."

"कोणाच्या आदेशाने?"

मागे हेडक्लार्कचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांचं नाव माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. "पितृपक्षाच्या," मी म्हणालो.

हसण्याचा एवढा गलका झाला की शिपायाला दोनदा ओरडावं लागलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. "त्या आदेशावर पितृपक्षाची सही आहे का?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून हेडक्लार्क उठले. हात जोडलेले. "माझी आहे असं धरा, साहेब. नवं रजिस्टर मीच उघडू दिलं नाही. पोरगा नवीन आहे." आजवर मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली आहे, पुढेही करत राहिलो, पण त्या एका वाक्याबद्दल माझ्या मनात त्यांना जागा आहे.

सरकारी वकील मात्र हुशार होते. म्हणाले, अर्ज मुदतीत असेल, पण मुदतवाढ मिळाली कुठे आहे? वरचं उत्तर अजून आलेलं नाही. आरोपी सुटला तरी त्याला इथे राहायचा हक्क नाही. आज सुटला तर त्याने लगेच निघायला हवं.

भाऊबीज आठवड्यावर आली होती. मी खरं बोलून काकांना सोडवलं होतं, आणि सोडवून बहिणीच्या ताटावरून उठवलं होतं. मागे वळून बघायचं मला धाडस झालं नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी काकांचा मूळ अर्ज हातात घेतला. कारणाचा रकाना वाचायला त्यांनी बराच वेळ लावला. मग मागे वळून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, ज्यात सुट्ट्या लाल शाईत असतात. "कायद्याचा प्रश्न बारीक आहे," ते म्हणाले. "विचार करायला हवा. निकाल दिवाळीच्या सुट्टीनंतर. तोवर जामिनाच्या अटी कायम. आरोपीने शहर सोडून कुठेही जायचं नाही, म्हणजे नाही."

झालं होतं सगळं. पण काका उठले. चाळीस वर्षांची सवय. "साहेब, माझ्या अनुभवाप्रमाणे अशा प्रकरणात आदेश त्याच दिवशी देता येतो, कारण—"

"खाली बस!" मागून बहीण गरजली.

काका धपकन खाली बसले. साठ वर्षांचा माणूस, दोन पेनं खिशाला. "ताईंचं ऐका," मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

भाऊबीजेला कचेरी बंद होती, पण हजेरी रोजची. म्हणून मी आणि हवालदार रजिस्टर घेऊन पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, समोर रांगोळी, काका पाटावर टोपी घालून शाळेतल्या मुलासारखे बसलेले. बहिणीने ओवाळायला घेतलं आणि इतका वेळ लावला की निरांजनातलं तूप संपत आलं. पुन्हा तूप घातलं आणि पुन्हा सुरुवात केली. तीस वर्षांची थकबाकी एका बैठकीत वसूल करते म्हणाली. मग तिने आम्हा दोघांनाही पाटावर बसवलं. मी म्हणणार होतो की आमच्यात... पण तिने कुंकवाचं बोट पुढे केलं आणि मीही कपाळ पुढे केलं. हवालदाराच्या डोळ्यात पाणी आलं; देवळ्याला त्याची बहीण वाट बघत होती आणि त्याची ड्यूटी इथे. "जा आत्ताच्या बसने," ती म्हणाली, "आरोपीकडे मी बघते." हवालदार खरंच गेला. काकांनी हजेरीवर सही केली तेव्हा कपाळावरचे दोन-चार तांदूळ पानावर पडले. ते मी तसेच ठेवून रजिस्टर मिटलं.

सुट्टी संपली आणि निकालाचा दिवस आला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वाचून दाखवलं: अर्ज मुदतीत दिला होता, तो नोंदवला गेला नाही यात आरोपीचा काही दोष नाही, आरोपी निर्दोष. काकांनी एकेक शब्दाला मान डोलावली. बहिणीने पदराने तोंड पुसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे निकालात येणार नाही. मला माझ्यासाठी विचारायचंय. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस, स्वतःच्या आरोपपत्रातलं कलम दुरुस्त करणारा. तुम्ही पोच न घेता कसे गेलात?"

काकांनी कोर्टात पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तिकडे तीस वर्षांत सरकारी टेबलावर मला कोणी असं म्हणालं नव्हतं. कोण म्हणणार? घरात तिथी आम्ही आमच्या पाळतो, हळू आवाजात. या मुलाने अगदी सहज सांगितलं, पितृपक्ष आहे. जसं काही मला ठाऊकच असणार. मला वाटलं, मी घरी आलो." ते हसले. "घरच्या माणसाकडे पोच कशी मागायची, साहेब?"

आमच्या घरात ज्या शब्दाला थारा नव्हता, जो मी नुसता काम टाळायला तोंडातून काढला होता, त्या शब्दाच्या भरवशावर हा माणूस शिक्क्याविना निघून गेला होता. मला भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेच्या आतच कुठेतरी, त्यांना एकदा घरी आल्यासारखं वाटलं ते माझ्यामुळे, याचा आनंदही झाला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पेन पुन्हा उचललं, कारण निकालाची शेवटची ओळ वाचायची राहिली होती: आरोपीने सात दिवसांच्या आत देश सोडून जावे.

"बरोबर आहे, साहेब," काका म्हणाले, आणि सही कुठे करायची ते विचारलं.